फोन वाजला की इंटरनेट तुटतं: स्प्लिटर, फिल्टर आणि घरातल्या जुन्या तारा

लँडलाइनवर ब्रॉडबँड असलेल्या घरांतून एक तक्रार वर्षानुवर्षं तशीच ऐकू येते. फोनची घंटा वाजली की नेट जातं. रिसीव्हर उचलला की मोडेमवरचा डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागतो, मिनिटभराने स्थिर होतो, आणि पुढचा फोन आला की पुन्हा तेच. तिच्या जोडीला दुसरी तक्रार असते: फोनवर बोलताना मागे सतत ‘शूं’ असा बारीक आवाज येतो. मग लोक मोडेम बदलतात, त्याने फरक पडला नाही तर प्लॅन बदलतात, शेवटी कनेक्शनच काढून टाकतात. बिघाड मात्र बऱ्याचदा फिल्टर (नेटचा सिग्नल फोनपर्यंत जाऊ न देणारी छोटी डबी) न लावलेल्या एखाद्या फोनमध्ये असतो, नाहीतर माळ्यावरच्या विसरलेल्या एक्स्टेन्शनमध्ये. शांतपणे, एका वेळी एकच गोष्ट बदलत तपासलं तर तो घरच्या घरी सापडतो.

हे सगळं तांब्याच्या तारेवरच्या कनेक्शनबद्दल आहे, म्हणजे टेलिफोनच्या दोन तारांमधूनच नेट येतं त्या एडीएसएलबद्दल. तुमच्या घरी फायबर आलं असेल तर फोन भिंतीवरच्या फायबरच्या डब्यातूनच निघतो, आवाज आणि नेट एका तांब्याच्या तारेवर एकत्र चालतच नाहीत. तिथे स्प्लिटरची, म्हणजे एका तारेतून फोन आणि मोडेमच्या वाटा वेगळ्या करणाऱ्या डबीची, गरज नाही. जुना स्प्लिटर सवयीने तसाच जोडून ठेवला असेल तर काढून टाका, एक अनावश्यक जोड कमी होईल.

एका जोडीवर दोन कामं

फोनचा आवाज त्या तारेवर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात चालतो. त्याच्या वर बरीच मोकळी जागा सोडून एडीएसएल सुरू होतं. घरून बाहेर जाणारा डेटा साधारण २६ ते १३८ किलोहर्ट्झमध्ये, आणि येणारा डेटा तिथून पुढे ११०४ किलोहर्ट्झपर्यंत. एडीएसएल टू प्लस या नंतरच्या प्रकारात तो २२०८ किलोहर्ट्झपर्यंत जातो. हा सगळा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झच्या छोट्या छोट्या कप्प्यांत विभागलेला असतो. प्रत्येक कप्प्यात गोंगाट किती आहे हे मोडेम सुरुवातीला मोजतो आणि त्याप्रमाणे कुठे किती डेटा टाकायचा ते ठरवतो. दिवा लुकलुकत असतो तेव्हा ही मोजणी चाललेली असते.

म्हणजे आवाज आणि डेटा यांचं एकमेकांशी भांडण नाही. भांडण होतं ते फोनच्या उपकरणाशी. फोन बनवणाऱ्याने तो ३४०० हर्ट्झपर्यंत नीट चालावा एवढंच पाहिलेलं असतं. त्याच्या वरच्या पट्ट्यात तो काय करतो याची पूर्वी कुणाला फिकीर नव्हती, कारण तिथे काही चालतच नव्हतं. असा फोन तारेला थेट जोडला की तो वरच्या पट्ट्यातली शक्ती गिळतो, तिच्यातला काही भाग आपल्या सर्किटमध्ये ऐकू येईल अशा आवाजात बदलतो (हीच ती ‘शूं’), आणि घंटेच्या किंवा उचलण्याच्या क्षणी तारेची सगळी स्थितीच पालटून टाकतो.

तो पालट केवढा असतो, ते आकड्यांत पाहा. रिसीव्हर ठेवलेला असताना तारेवर साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात. घंटा वाजते तेव्हा त्यावर सुमारे ७५ व्होल्टचा, २५ हर्ट्झचा एसी चढतो. वाजत असतानाच तुम्ही उचललंत की तो एसी तोडला जातो, डीसी दहा-बारा व्होल्टच्या खाली उतरतो आणि तारेतून २० ते ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहायला लागतो. हे सगळं क्षणार्धात. मोडेमने मघाशी मोजून ठरवलेली तारच आता राहिलेली नसते, म्हणून तो हात टेकतो आणि पहिल्यापासून मोजायला बसतो.

फिल्टरचं काम इथे येतं. आत काही कॉइल आणि कॅपॅसिटर असतात. ते चाळणीसारखं काम करतात: आवाज, डीसी आणि घंटा पुढे फोनकडे जाऊ देतात, वरचा पट्टा अडवतात. फोनने पलीकडे काहीही केलं तरी वरच्या पट्ट्याला त्याचा धक्का लागत नाही. अगदी असाच फिल्टर एक्स्चेंजमध्येही तुमच्या लाइनवर बसवलेला असतो. तो आवाज एक्स्चेंजकडे आणि डेटा डीस्लॅम या तिथल्या ब्रॉडबँडच्या यंत्राकडे वळवतो.

फिल्टर फोनच्या अंगाला, मोडेमच्या नाही

सगळ्यात जास्त गफलत इथे होते. आपल्याकडे मोडेमसोबत साधारणपणे तीन खाचांचा स्प्लिटर मिळतो. एका बाजूला ‘लाइन’, दुसऱ्या बाजूला ‘फोन’ आणि ‘मोडेम’. ‘लाइन’मध्ये रोझेटमधून, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीतून, आलेली तार, ‘फोन’मध्ये फोन, ‘मोडेम’मध्ये मोडेम. फिल्टर फक्त ‘फोन’च्या वाटेवर असतो. ‘मोडेम’ची वाट जवळजवळ सरळ असते, कारण खालचा पट्टा बाजूला सारायची सोय मोडेमच्या आतच असते.

यातून दोन गोष्टी निघतात. मोडेम चुकून ‘फोन’च्या खाचेत लावला तर डीएसएलचा दिवा कधीच स्थिर होणार नाही, कारण त्याला हवा तोच पट्टा अडवला गेला आहे. आणि तपासणीपुरता स्प्लिटर पूर्ण बाजूला काढून, सगळे फोन काढून, मोडेम थेट रोझेटला लावला तरी चालतो. त्याने काही बिघडत नाही. पुढची सगळी तपासणी याच्यावर उभी आहे.

दुसरा प्रकार म्हणजे दोनच खाचांचा छोटा फिल्टर. तो एका फोनसाठी असतो. घरात तीन ठिकाणी फोन असतील आणि वायरिंग मोडायचं नसेल, तर प्रत्येक फोनच्या आधी असा एकेक लावायचा. इथे ‘फोन’ म्हणजे तारेवर बसलेलं प्रत्येक उपकरण. कॉलर आयडीचा वेगळा डबा, फॅक्स, कॉर्डलेसचा पाया, आन्सरिंग मशीन, दुकानातलं कार्ड स्वाइप करायचं जुनं यंत्र, चोरघंटीचा डायलर, घरगुती इंटरकॉमचा ईपीएबीएक्स: सगळे. माझ्या मते यातला सगळ्यात जास्त विसरला जाणारा म्हणजे कॉलर आयडीचा डबा. तो फोन आणि भिंत यांच्या मध्ये बसतो, लोक फिल्टर त्याच्या पुढे फोनला लावतात, आणि डबा तसाच उघडा राहतो. भिंत, मग फिल्टर, मग डबा, मग फोन, हा क्रम धरा.

एकामागे एक दोन फिल्टर मात्र नकोत. स्प्लिटरच्या ‘फोन’ खाचेतून तार घेऊन तिच्यावर पुन्हा छोटा फिल्टर लावला की आवाज मंद आणि दबलेला होतो, कधी स्वतःचंच बोलणं घुमून ऐकू येतं, कॉलर आयडी उमटत नाही. तसंच एका लाइनवर चार-पाचपेक्षा जास्त छोटे फिल्टर झाले की प्रत्येकातल्या कॅपॅसिटरचा भार साचत जातो आणि फोनचाच आवाज बिघडतो. एवढी उपकरणं असतील तर घराच्या तोंडाशी एकच स्प्लिटर लावून मागचं सगळं त्याच्या ‘फोन’ बाजूवर टाकणं केव्हाही चांगलं.

आपल्या घरांतली अडचण: पॅरलल

२००४ च्या केंद्रीय धोरणाने ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस असं ठरवलं आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने एडीएसएल सेवा सुरू केली. पण ज्या तारांवर ती आली, त्यातल्या कितीतरी त्याच्या आधीच घरात टाकलेल्या होत्या. बाहेरच्या खोलीत एक फोन, आतल्या खोलीत पॅरलल, वर मुलाच्या खोलीत आणखी एक. टाकताना जिथे सोयीचं पडलं तिथे तार सोलून, पिळून, वर टेप गुंडाळून फाटा काढलेला. आवाजासाठी एवढं पुरेसं होतं. मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी ते पुरत नाही.

फाट्याचा त्रास असा की त्याच्या टोकाला फोन नसला तरी तो तारेवर लटकलेलाच असतो. मूळ तारेवरून आलेला सिग्नल फाट्यात शिरतो, उघड्या टोकावर आपटून परत येतो आणि मूळ सिग्नलच्या अंगावर पडतो. काही फ्रिक्वेन्सींवर दोघे एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात. ‘वरचा फोन आम्ही कधीच काढला, तिथे आता काही नाही’ असं घरातले मनापासून सांगतात, आणि ते खरंही असतं, पण तार अजून भिंतीत असते. ती सुरुवातीलाच तोडणं हा उपाय आहे, टोकाला टेप लावणं हा नाही.

म्हणून मी नेहमी एकच रचना सुचवतो. बाहेरून येणारी ड्रॉप वायर घरात जिथे पहिल्यांदा रोझेटला मिळते तिथेच स्प्लिटर बसवा. त्याच्या ‘मोडेम’ खाचेतून मोडेमला स्वतंत्र तार न्या. घरातले सगळे जुने फाटे रोझेटच्या स्क्रूवरून सोडवून स्प्लिटरच्या ‘फोन’ बाजूला जोडा. मग ते कितीही वेडेवाकडे असले तरी फिल्टरच्या पलीकडे आहेत, डेटाला त्यांचा उपद्रव नाही. तासाभराचं काम आहे आणि प्रत्येक फोनला वेगळा फिल्टर लावायची गरजच उरत नाही.

मोडेमपर्यंतची ती स्वतंत्र तार शक्यतो पिळाची घ्या. नेटवर्कच्या कॅट फाइव्ह केबलमधली एक जोडी उत्तम चालते. फोनची चपटी, न पिळलेली तार एक-दोन मीटरपर्यंत ठीक आहे. दहा मीटर चपटी तार विजेच्या वायरच्या पट्टीतून नेली तर तुम्ही मोडेमला अँटेनाच जोडलेला असतो. अँटेना हा शब्द इथे शब्दशः घ्या. मीडियम वेव्ह रेडिओ ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झवर चालतो आणि तो पट्टा एडीएसएलच्या येणाऱ्या डेटाच्या पट्ट्यावरच पडतो. पुण्याचं आकाशवाणी केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे, म्हणजे मोडेमच्या हिशेबात १८३-१८४ व्या कप्प्याच्या आसपास. प्रक्षेपकाच्या जवळच्या घरात, खराब वायरिंगवर, मोडेमच्या आलेखात नेमक्या त्याच जागी खड्डा पडू शकतो. दिवस मावळल्यावर दूरची मीडियम वेव्ह केंद्रंही जोरात येऊ लागतात. रोज संध्याकाळीच वेग पडतो अशा तक्रारीमागे गर्दी हे कारण असतंच, पण घरातली लांब चपटी तारही एकदा पाहून घ्यावी.

आता तपासणी

आधी नेट तुटतं म्हणजे नक्की काय तुटतं ते ठरवा. फोन वाजेल तेव्हा मोडेमवरच्या दिव्यांकडे पाहा. डीएसएलचा दिवा लुकलुकायला लागला तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. डीएसएलचा दिवा स्थिर आणि फक्त इंटरनेटचा गेला, तर अडचण लॉगिनमध्ये किंवा पुढे एक्स्चेंजच्या पलीकडे आहे, फिल्टरचा तिच्याशी संबंध नाही. दोन्ही दिवे स्थिर आणि मोबाइलवर नेट गेलेलं, तर वायफाय तपासा. जुन्या कॉर्डलेस फोनांपैकी काही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफायच्याच पट्ट्यात. बोलणं सुरू झालं की वायफाय गुदमरतं आणि दोष फिल्टरवर जातो. तिथे कॉर्डलेसचा पाया मोडेमपासून दूर नेणं हाच उपाय.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर जाताना दिवे एकदम सगळेच विझून पुन्हा लागत असतील, तर मोडेम नव्याने चालू होतोय एवढंच. पण वीज गेली असताना, इन्व्हर्टरवर, डीएसएलचा दिवा सारखा अस्थिर असेल तर इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरींचा गोंगाट तारेत शिरतोय असं समजा. फोनची तार इन्व्हर्टरपासून लांब घ्या.

डीएसएलच तुटत असेल तर घरातली सगळी फोनची उपकरणं काढा. फक्त रिसीव्हर खाली ठेवायचा नाही, पिन भिंतीतून काढायची. स्प्लिटरही काढा. घरातल्या पहिल्या रोझेटवरून, शक्य असेल तर आतले फाटे स्क्रूवरून सोडवून, मोडेम थेट लावा. दिवा स्थिर झाला की मोडेमच्या पानावर जा. बहुतेक मोडेमांचं पान १९२.१६८.१.१ या पत्त्यावर उघडतं. तिथे एसएनआर मार्जिन आणि अटेन्युएशन असे दोन आकडे असतात. ते लिहून ठेवा. मार्जिन म्हणजे गोंगाटाच्या वर किती जागा शिल्लक आहे. ६ डेसिबलच्या खाली गेलं की लाइन कधीही तुटू शकते, १० च्या वर असेल तर बरं चाललंय. अटेन्युएशन म्हणजे एक्स्चेंजपासून येताना सिग्नल किती झिजला. ते मुख्यतः अंतरावर ठरतं. ३० च्या आत असेल तर उत्तम, ५० च्या पुढे ओढाताण, ६० च्या पुढे फारशी आशा नाही. हा आकडा तुमच्या हातात नाही, पण तो अचानक वाढला तर मधला एखादा जोड बिघडलाय हे कळतं.

आता याच स्थितीत, एकही फोन जोडलेला नसताना, मोबाइलवरून आपल्या लँडलाइनला रिंग द्या. घरात काही वाजणार नाही, पण घंटेचा व्होल्टेज तारेवर येईलच. एवढ्यानेही दिवा लुकलुकला, तर दोष फोनचा नाही आणि फिल्टरचाही नाही. बहुधा बाहेरच्या जोडात किंवा केबलमध्ये ओल शिरलेली आहे आणि व्होल्टेज वाढताच ती आपला रंग दाखवते.

दिवा स्थिर राहिला तर स्प्लिटर परत लावा, मोडेम त्यातून घ्या, फोन अजून नको. पुन्हा रिंग द्या, आकडे पाहा. मग स्प्लिटरला एकच फोन, शक्यतो साधा तारेचा. पुन्हा रिंग द्या, आणि या वेळी उचला, बोला, ठेवा. इथपर्यंत ठीक असेल तर एकेक फाटा आणि एकेक उपकरण जोडत जा आणि प्रत्येक वेळी रिंग द्या. ज्याच्यानंतर बिघाड परत आला तो गुन्हेगार. दोन गोष्टी एकदम जोडायचा मोह होतो, तो टाळा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

स्प्लिटर लावताच बिघाड आला, तर स्प्लिटर खराब. ही वस्तू स्वस्त असते आणि बिघडतेही. वीज कडाडून गेल्यानंतर आतला भाग जळून शॉर्ट होतो, मग फोन आणि नेट दोन्ही जातात आणि स्प्लिटर बाजूला केला की दोन्ही परत येतात. कधी फक्त खाचेतल्या बारीक पिना वाकलेल्या किंवा काळ्या पडलेल्या असतात. शेजाऱ्यांचा चालू स्प्लिटर दहा मिनिटं मागून आणला तर शंका फिटते. नवा घेताना त्यावर एडीएसएल लिहिलेलं आहे ना ते पाहा. दुकानात अगदी तसाच दिसणारा, एका तारेचे दोन फोन करणारा साधा डबाही मिळतो. त्याच्या आत काहीच नसतं, फक्त तारा जोडलेल्या असतात. हलवून किंवा वजनावरून ओळखू जाऊ नका. सोपी खूण अशी: त्याच्या दोन्ही खाचांवर फक्त फोनचं चित्र असतं, मोडेमसाठी वेगळी खाच नसते.

एक सावधगिरी. उघड्या तारा हाताळताना घंटेचा व्होल्टेज आला तर चांगलाच झटका बसतो. ओल्या हाताने काम करू नका, आणि ढग गडगडत असताना तर रोझेटला हातच लावू नका. अशा वेळी मोडेमची फोनची तार आणि विजेची पिन दोन्ही काढून ठेवणं शहाणपणाचं.

फिल्टर ठीक, तरीही नेट तुटतं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे लोक फिल्टरवर फिल्टर बदलत बसतात. तांब्याच्या जोडावर दमट हवेत थर चढतो. समुद्राकाठी, कोकणात आणि गोव्यात, तो फार लवकर चढतो, हिरवट कळंक डोळ्यांना दिसतो. पावसाळ्यात घाटावरही तेच. असा जोड आवाजाच्या वेळी कसाबसा चालतो, कारण बोलताना त्यातून वीस-तीस मिलिअँपिअर प्रवाह वाहत असतो आणि तो प्रवाह थराला भेदून वाट काढतो. रिसीव्हर ठेवला की प्रवाह थांबतो, वाट पुन्हा बंद होते. फोनवाल्याला सगळं ठीक दिसतं, नेट मात्र दिवसभर तडफडत असतं.

याची ओळख अगदी स्पष्ट आहे. रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला की नेट सुधारतं, मार्जिनचा आकडा वर जातो, आणि रिसीव्हर परत जागेवर ठेवला की पुन्हा बिघडतं. फिल्टर नसल्याने असं कधीच होत नाही, तिथे उचलल्यावर नेट बिघडतं. उलटी खूण दिसली की फिल्टरचा विचार सोडा आणि जोड शोधा. काही घरांत लोक रात्री रिसीव्हर काढून ठेवतात, का ते ठाऊक नसतं, पण त्याने नेट चालतं एवढं त्यांना कळलेलं असतं. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे.

दुसरी तितकीच बोलकी खूण: फोन पूर्ण डेड, डायल टोन नाही, आणि तरी डीएसएलचा दिवा लागलेला, नेट रडतखडत चालू. दोन तारांपैकी एक तुटली आहे. डीसीला पूर्ण वर्तुळ लागतं, ते तुटल्यावर फोन मेला. वरचा पट्टा मात्र एका तारेवरून आणि शेजारच्या तारांच्या सावलीतून थोडाफार पोहोचतो. ‘नेट चालू आहे म्हणजे लाइन ठीक आहे’ असं कुणी सांगितलं तर त्यांना हे नीट समजावून सांगा.

जोड शोधताना घरातला पहिला रोझेट उघडून पाहा. स्क्रूखालची तार काळी किंवा हिरवी असेल तर टोक कापा, नवं टोक सोला, तांबं चकचकीत दिसेपर्यंत घासा आणि घट्ट कसा. ड्रॉप वायर भिंतीवर जिथे वळते तिथे तिचं कव्हर तडकलेलं असतं. उंदराने कुरतडलेलंही असतं. तार खिडकीच्या चौकटीतून येत असेल तर दर वेळी खिडकी लावताना ती चेपली जात असते. एवढं तुम्ही पाहू शकता. त्याच्या पुढे खांबावरची डीपी (आसपासच्या घरांच्या तारा जोडायचा डबा), मग पिलर (रस्त्याकडेचं तारांच्या जोड्यांचं कपाट), मग केबल आणि एक्स्चेंज. ते लाइनमनचं क्षेत्र. तिथे स्वतः हात घालू नका, शेजारच्या चार घरांचे फोन त्याच डब्यातून जातात.

लाइनमनला काय सांगायचं

‘नेट चालत नाही’ एवढीच तक्रार नोंदवली तर ती ब्रॉडबँडच्या खात्यात जाते आणि तिकडून तुम्हाला मोडेम बंद करून चालू करायला सांगतात. जोडाचा संशय असेल तर तक्रार फोनवर खरखर येते किंवा फोन डेड होतो अशी, खरी असेल ती, नोंदवा. म्हणजे तार तपासणारा माणूस येतो. तो आल्यावर तुमचे लिहून ठेवलेले आकडे दाखवा: मोडेम थेट लावून मार्जिन किती, अटेन्युएशन किती, फोन नसताना रिंग दिल्यावर काय झालं, रिसीव्हर उचलल्यावर सुधारतं की बिघडतं. या माणसांनी पावसात खांबावर चढून अख्खी गावं जोडलेली ठेवली आहेत. त्यांना नेमकी माहिती मिळाली तर ते नेमक्या जागी जातात, एवढंच त्यांना हवं असतं. घरातले फाटे तुम्ही आधीच वेगळे केलेत हे सांगायला विसरू नका, कारण तेच ते पहिल्यांदा विचारतात.

डीपीवर टेपने गुंडाळलेला पिळाचा जोड दिसला तर तिथे जेल भरलेला कनेक्टर लावता येईल का असं विचारा. त्यात पाणी शिरत नाही आणि तांब्याला हवा लागत नाही. पिलरमधली जोडीच खराब निघाली तर लाइन दुसऱ्या मोकळ्या जोडीवर हलवता येते, ती आहे का तेही विचारा. काम झालं असं ते म्हणाले की त्यांच्या समोरच, स्प्लिटर आणि फोन जोडलेले असताना, मोबाइलवरून रिंग द्या, उचला, ठेवा, आणि मोडेमच्या पानावरचे आकडे पुन्हा लिहून घ्या. पुढच्या पावसाळ्यात तुलना करायला ते लागतील.